निष्काम कर्म मठ : नव्या शाळा आणि त्यांचे पाठीराखे

मठ हा शब्द उच्चारला की देवालय, समाधी, अन्नछत्र आणि पाठशाळा ही चार स्थाने भाविकाच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. यांपैकी पाठशाळा हे स्थान सर्वांत शांत व म्हणूनच सर्वांत कमी लक्षात येणारे आहे. उत्सवाच्या दिवशी देवालयात गर्दी होते, अन्नछत्रात पंगती उठतात. पण पाठशाळेतील विद्यार्थ्याच्या मुखात एखादे सूत्र स्थिर होण्यास किती दिवस लागले, हे गुरूवाचून कोणास कळत नाही. विद्यादानाचे फळ उशिरा दिसते. या उशिरा दिसणाऱ्या फळासाठी आज द्रव्य कोणी द्यावे आणि कोणत्या भरवशावर द्यावे, हा प्रश्न प्राचीन काळापासून चालत आलेला आहे.

आपल्या पूर्वजांनी त्याचे उत्तर आपल्या परीने दिले होते. राजे अग्रहार देत, गावे इनाम देत, देवस्थाने वर्षासने लावून देत. आणि ज्यांच्यापाशी देण्यासारखी जमीन नव्हती अशा गृहस्थांच्या घरी विद्यार्थी वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. आठवड्याचा एक वार एका विद्यार्थ्यास देणारी गृहिणी ही त्या काळची विद्येची आश्रयदातीच होय. परंतु हे सर्व दान ठरलेल्या विद्येला होते. वेद कसा म्हणावा, व्याकरण कोठून आरंभावे, याविषयी देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या मनात संदेह नव्हता. इंग्रजी अमलात परिस्थिती पालटली. काय शिकवावे, कोणास शिकवावे आणि कसे शिकवावे, हे तिन्ही प्रश्न नव्याने उभे राहिले. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी काही माणसांनी स्वतःच्या हिमतीवर शाळा काढल्या. अशा शाळेला पूर्वपरंपरेचा आधार नसतो. ती चालेल की बुडेल हे तिच्या संस्थापकासही ठाऊक नसते. तिला आधार देणे हे जुन्या पाठशाळेस आधार देण्यापेक्षा कठीण होय. अशा काही शाळांचा व त्यांच्या पाठीराख्यांचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे. त्यातील एका महत्त्वाच्या प्रकरणात 'मठ' हाच शब्द मध्यवर्ती असल्याने तो या स्मरणग्रंथात अस्थानी ठरू नये.

आरंभीचे आश्रयदाते

१८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ती तात्याराव भिडे यांच्या वाड्यात. सावित्रीबाई व जोतीराव यांची नावे आज सर्वतोमुखी आहेत, आणि ते योग्यच आहे. पण लोकनिंदेच्या त्या दिवसांत आपल्या वाड्याचा दरवाजा उघडून देणाऱ्या भिड्यांनीही निंदेचा वाटा उचलला होता, हे विसरता कामा नये. नव्या शाळेच्या पाठीराख्याला पैशापूर्वी आपली अब्रू पणास लावावी लागते, हा या इतिहासाचा पहिला पाठ आहे.

पुढे २ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले आणि लवकरच आगरकर त्यांस मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. या संस्थेने आजीव सदस्यांची प्रथा पाडली. विद्वान तरुणांनी मासिक पंचाहत्तर रुपयांच्या आसपास वेतन घेऊन आयुष्याची वीस वर्षे संस्थेस द्यावयाची, अशी ही कल्पना होती. येथे संस्थापक आणि पाठीराखा हे एकच झाले होते. देणगी होती ती स्वतःच्या आयुष्याची. तथापि सदस्याने संस्थेबाहेर काही मिळवावे की नाही, या प्रश्नावर तीव्र मतभेद झाले व १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्यागाची प्रतिज्ञा करणे जितके कठीण, तितकेच तिच्या मर्यादा ठरविणेही कठीण, असे या प्रसंगावरून दिसते.

याच सुमारास पंडिता रमाबाई यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले; दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. त्यांच्यामागे बोस्टन शहरी १८८७ साली स्थापन झालेले रमाबाई असोसिएशन उभे होते. या मंडळींनी दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले होते. देणगी एकदा देऊन मोकळे न होता दहा वर्षांची हमी देणे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. परंतु १८९३ च्या सुमारास सदनातील काही विद्यार्थिनींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागल्यावर पुण्याच्या सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर आदी मंडळींनी आपला संबंध सोडला. पैसा बोस्टनहून येत राहिला, पण गावचा विश्वास गेला. शाळेला द्रव्याइतकीच श्रद्धेची पुंजी लागते, हा दुसरा पाठ होय.

हिंगण्याची झोपडी

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी १८९३ साली पुनर्विवाह करणारे गणिताचे प्राध्यापक म्हणजे धोंडो केशव कर्वे. या विवाहामुळे त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिक्षण द्यावे, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करावे, एवढाच त्याचा उद्देश होता. ज्याने स्वतः पुनर्विवाह केला, त्याने आश्रमात मात्र पुनर्विवाहाचा प्रचार होऊ दिला नाही. विधवांच्या पालकांचा विश्वास टिकला तरच मुली शिकावयास येतील, हे त्यांनी ओळखले होते. काहींना हे धोरण भित्रेपणाचे वाटले. पण शारदा सदनाचे उदाहरण त्यांच्यासमोर ताजे होते.

पुण्यात प्लेगाचा कहर झाल्यावर आश्रम शहराबाहेर नेणे भाग पडले. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले. १९०० साली त्या माळावर एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम तेथे गेला. फर्ग्युसन कॉलेजातील शिकवणे आटोपून कर्वे दररोज सायंकाळी पायी हिंगण्यास जात, मुलींना शिकवीत व पहाटे पुन्हा पुण्यास परतत. सुटी लागली की गावोगाव हिंडून वर्गणी जमवीत. देणगी मोठी असो वा चार आण्यांची असो, तिची नोंद होई व अहवालात तिचा हिशेब छापला जाई. वर्गणी मागणाऱ्याला हिशेबाचा कंटाळा असून चालत नाही. चार आणे देणाऱ्या कारकुनालाही आपले चार आणे कोठे गेले हे पाहावयास मिळाले की तो पुढील वर्षी आपण होऊन आठ आणे देतो.

१९०७ साली कर्व्यांनी महिला विद्यालय काढले. आता विधवा, कुमारिका, सधवा अशा सर्वांच्या शिक्षणाचा भार एका संस्थेवर आला. पैसा कसाबसा जमत होता. पण माणसे कोठून आणावयाची? बाहेर दुप्पट वेतन मिळत असता या माळावर येऊन राहणार कोण? या अडचणीतून १९०८ सालच्या नोव्हेंबरात एक नवी संस्था जन्मास आली. तिचे नाव निष्काम कर्म मठ.

मठाची प्रतिज्ञा

कर्व्यांनी या संस्थेस मंडळ, सभा किंवा सोसायटी म्हटले नाही, मठ म्हटले. नाव निवडताना त्यांच्यापुढे दोन गोष्टी असाव्यात असे वाटते. गीतेतील निष्काम कर्माचा आदर्श ही एक, आणि सर्वस्व संस्थेस अर्पण करून राहणाऱ्या मठवासीयांची आपल्या देशातील परंपरा ही दुसरी. मात्र या मठात संन्यास नव्हता. सभासद गृहस्थाश्रमी असत, स्त्रियाही असत. मठात येणाऱ्याने प्रतिज्ञा घ्यावयाची ती अशा आशयाची होती : आपले सर्व सामर्थ्य संस्थेच्या कार्यास लावावे, काम करताना खाजगी लाभाकडे पाहू नये, आपल्या व आपल्या कुटुंबाच्या निर्वाहाची संस्था जी व्यवस्था करील तीत समाधान मानावे, आचरण शुद्ध व राहणी साधी ठेवावी, आणि कोणाच्याही धर्ममताविषयी अनुदार होऊ नये.

या प्रतिज्ञेतील शेवटचे कलम विशेष चिंतनीय आहे. ज्या शहरात धर्ममताच्या वादाने एक संस्था नुकतीच लोकांच्या मनातून उतरली होती, तेथेच हा मठ सर्व मतांच्या माणसांना एकत्र बसविण्याची प्रतिज्ञा करीत होता. आणि तिसरे कलम म्हणजे तर मठजीवनाचा गाभाच होय. भिक्षेत जे आले ते वाटून खावयाचे, ही शिकवण ज्यांच्या कानी पडलेली आहे, त्यांना हिंगण्याच्या शिक्षकांची राहणी परकी वाटणार नाही.

या कार्यास आयुष्य वाहिलेल्यांत कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बालपणी शिक्षणाचा गंध नसलेली ही विधवा बाई आश्रमात येऊन शिकली, आश्रमाची मोठी आधारस्तंभ झाली आणि वर्गणीसाठी साऱ्या प्रांतात हिंडली. पुढे १९१८ साली, इंग्रजीचे ज्ञान अगदी बेताचे असता, ती एकटी अमेरिकेस गेली व दोन वर्षे तेथे राहून, घरकामाची चाकरीही करून, संस्थेसाठी द्रव्य घेऊन परतली. ज्या घरात तिला पूर्वी वाचावयासही कोणी शिकविले नव्हते, त्या घरातील बाईने आपल्या बहिणींच्या शाळेसाठी समुद्र ओलांडावा, यात नव्या शिक्षणाचे सारे सामर्थ्य प्रकट झाले आहे.

मठ स्वतंत्र रूपाने फार वर्षे राहिला नाही. आश्रम, विद्यालय व मठ या तिन्ही संस्था पुढे एकत्र करण्यात आल्या. पण त्याने दिलेली माणसे हिंगण्यास दीर्घकाळ पुरली.

पंधरा लक्षांचे दान आणि दहा रुपयांची वर्गणी

जपानातील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली, तिने त्यांच्या मनात घर केले. १९१५ सालच्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हिंदी महिलांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली व १९१६ साली ते सुरूही केले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते. पहिल्या वर्गातील विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिले कुलपती झाले. सर्व विषय मातृभाषेतून शिकवावयाचे, इंग्रजी हा एक विषय म्हणून ठेवावयाचा आणि गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान द्यावयाचे, ही त्यातील नवी योजना होती. गणिताच्या प्राध्यापकाने स्थापिलेल्या विद्यापीठात गणित सक्तीचे नव्हते, ही गोष्ट कर्व्यांच्या मनाची मोकळीक दाखविते. पदवीचे नावही संस्कृतातून घेतले : गृहीतागमा, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली आहे ती, आणि तिच्या वरची प्रदेयागमा, म्हणजे जी आता विद्या देण्यास योग्य झाली आहे ती. संस्कृत पाठशाळेत दिवस घालविणाऱ्यास या दोन शब्दांत सारे शिक्षणशास्त्र सामावलेले दिसेल. घेतलेली विद्या देण्यायोग्य होईपर्यंत शिक्षण पुरे होत नाही.

सरकारमान्यता नव्हती. अशा पदवीस बाजारात किंमत नाही, असे जाणते लोकही म्हणत. अशा काळात १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ पंधरा लक्ष रुपयांचे दान दिले, त्याच्या व्याजातून वर्षास बावन्न हजार पाचशे रुपये मिळण्याची व्यवस्था झाली आणि विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. दानास काही अटी होत्या. विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस न्यावे, ही त्यांतील एक. विठ्ठलदास लवकरच, १९२२ साली, निवर्तले. पुढे अटींच्या पूर्ततेवरून विश्वस्त व विद्यापीठ यांच्यात मतभेद होऊन काही काळ वार्षिक रक्कमही थांबली. अखेरीस तडजोड झाली आणि १९३६ साली मुख्य कार्यालय मुंबईस गेले. दात्याची उदारता थोर, यात शंका नाही. त्या दानावाचून विद्यापीठ तगले असते की नाही कोण जाणे. पण दाता गेल्यावर अटी मागे राहतात आणि त्यांचा अर्थ लावणारे निराळे असतात, हेही या प्रकरणाने शिकविले.

याच्या शेजारी एक लहानशी गोष्ट ठेवून पाहावी. महात्मा गांधींना मातृभाषेतून शिक्षण मान्य होते, पण इंग्रजी सक्तीचे ठेवणे पसंत नव्हते. कर्व्यांनी आपली बाजू मांडली. गांधींनी आपले मत सोडले नाही. तरीही त्यांनी विद्यापीठास वार्षिक दहा रुपयांची वर्गणी देण्याचे कबूल केले. मत जुळत नसता दिलेली ही दहा रुपयांची वर्गणी पंधरा लक्षांच्या तोडीची नसेल, परंतु तीत पाठीराख्याचा एक मोठा गुण दिसतो. आपल्या मनासारखी शाळा काढली तरच पैसा देईन, असे म्हणणारा मनुष्य खरे पाहता आपल्याच कल्पनेस पैसा देत असतो.

१९५१ साली विद्यापीठास कायदेशीर दर्जा मिळाला. स्थापनेपासून पस्तीस वर्षे लोटली होती. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, महर्षी कर्वे यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान प्राप्त झाला. तत्पूर्वी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढून पुन्हा घरोघर वर्गणी मागावयास आरंभ केला होता.

वडोदरे, चांदोद आणि भावनगर

राजाश्रयाचे उदाहरण पाहावयाचे तर वडोदऱ्याकडे वळावे लागते. श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी १८९३ साली अमरेली महालात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, १९०६ साली, तो सर्व राज्यास लागू केला. प्रथम एका महालात करून पाहावे, चुका सुधाराव्या, मग विस्तार करावा, ही त्यांची रीत होती. १८९० साली त्यांनी कलाभवन स्थापिले व प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांस त्याचे प्रमुख नेमले. रंगकाम, यंत्रकाम इत्यादी कला देशी भाषेतून शिकविता येतील, ही गज्जरांची कल्पना त्या काळी अनेकांस हास्यास्पद वाटत होती. महाराजांनी तिला छत दिले. हिंदी चित्रपटव्यवसायाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनात शिकले.

परंतु राजाश्रयालाही मर्यादा असते. नर्मदातीरी चांदोदनजीक गंगनाथाचे स्थान आहे. तेथील स्वामी ब्रह्मानंद यांच्या स्थानाशी संबंध ठेवून बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांनी गंगनाथ भारतीय सर्वविद्यालय काढले. ते पुढे वडोदऱ्यास चालले. तेथे वर्गातील भीती नाहीशी व्हावी म्हणून शिक्षकांना घरगुती नात्यांनी हाका मारण्याची पद्धत होती. बेळगावच्या गणेश विद्यालयात काम करून १९१० साली तेथे आलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर हे 'काका' झाले, विठ्ठल लक्ष्मण फडके हे 'मामा' झाले, आणि ही नावे त्यांना जन्मभर चिकटली. मास्तरास काका म्हणणारा विद्यार्थी प्रश्न विचारावयास भीत नाही, एवढ्या साध्या उपायाने वर्गाचे रूप पालटते. पण विद्यालयातील राष्ट्रीय वृत्ती इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलू लागली व १९१२ च्या सुमारास ते बंद पडले. मोठ्या संस्थानाच्या राजधानीतही त्यास संरक्षण मिळू शकले नाही. तरी बीज वाया गेले नाही. काका पुढे साबरमतीच्या आश्रमशाळेत व गुजरात विद्यापीठात शिक्षणकार्य करते झाले आणि मामांनी गोध्रा येथे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी आश्रम चालविला. शाळा बुडाली तरी शिक्षक बुडत नाहीत. म्हणून बंद पडलेल्या शाळेस दिलेले दानही निष्फळ मानू नये.

भावनगरची दक्षिणामूर्ती ही संस्थाही धर्मस्थानाच्या छायेत जन्मली. नृसिंहप्रसाद ऊर्फ नानाभाई भट्ट हे बिलखा येथील श्रीमन्नथुराम शर्मा यांचे शिष्य. १९१० साली त्यांनी विद्यार्थिभवन काढले व मौनाने शिकविणाऱ्या आदिगुरूचे नाव त्यास दिले. कालांतराने गुरू व शिष्य यांच्या वाटा भिन्न झाल्या, पण नाव तेच राहिले. मतभेद होऊनही दिलेले नाव काढून घेतले गेले नाही वा टाकून दिले गेले नाही, ही उभयपक्षी शोभणारी गोष्ट आहे. १९१६ साली वकिली सोडून गिजुभाई बधेका या संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. मारावाचून, धाकावाचून, गोष्टी, गाणी, खेळ व हाताने करावयाची कामे यांतून लहान मुले शिकतात, हे त्यांनी मादाम मॉन्टेसोरी यांच्या पद्धतीस देशी वेष देऊन दाखविले. मुले त्यांस 'मिशाळ आई' म्हणत, यावरून त्यांच्या वर्गाची कल्पना यावी.

मूठभर धान्याची पुंजी

राजा नाही, कोट्यधीश नाही, अशा ठिकाणी शाळा कशी उभी करावी? याचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दिले. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्था सातारा येथे आली व तेथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह निघाले. मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव मिळाले. शेतकऱ्यांच्या घरची मूठमूठ धान्य हीच या संस्थेची कायमनिधी होती. एकदा घरात काहीच उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी आपले मंगळसूत्र विकावयास दिले. या माउलीचे १९३० साली निधन झाले. संस्थेचे वैभव पाहण्यास त्या उरल्या नाहीत.

शिकणाऱ्याने आपल्या श्रमाने आपला खर्च भागवावा, ही भाऊरावांची नवी शिकवण होती. १९४७ साली साताऱ्यास निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' ही योजना प्रत्यक्षात आली. येथे विद्यार्थी हा केवळ दान घेणारा नसून आपल्याच शाळेचा पाठीराखा झाला. वार लावून जेवण्याच्या जुन्या प्रथेत विद्यार्थ्याच्या मानेस जो थोडा वाक येत असे, तो या योजनेने सरळ केला.

शाळा अंगणात गेली

गिजुभाईंच्या सहवासात भावनगरास नऊ वर्षे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ साली त्यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापिला व १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार काढला. पण शहरातील सुखवस्तूंच्या मुलांपुरते बालशिक्षण राहावे, हे त्यांच्या मनास पटेना. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. त्यांच्यासमवेत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह व काही महिन्यांतच वैधव्य पाहिलेल्या. दोघींनी मॉन्टेसोरीची महागडी साधने बाजूस ठेवून शंखशिंपले, खडे, बिया, पाने यांतूनच मोजणे, ओळखणे, रचणे शिकविले. तरीही वारली मुले शाळेत येईनात. मुले येत नाहीत तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे ठरले. पाड्यावरील एखाद्या अंगणात शाळा भरू लागली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा गेली, ती कुरणशाळा. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले.

सक्तीचा कायदा, उत्तम इमारत, पगारी शिक्षक यांनी जे साधले नव्हते, ते दोन स्त्रियांनी मुलांच्या दाराशी जाऊन साधले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द साऱ्या देशाने उचलला. आज भारतात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. पाड्यावरील एका अंगणाचा हा विस्तार होय.

या इतिहासाचा बोध

वरील सर्व वृत्तान्त एकत्र पाहिला असता असे दिसते की नव्या शाळेस चार प्रकारचे साहाय्य लागते. पहिले जागा : भिड्यांचा वाडा, गोखल्यांची सहा एकर जमीन. दुसरे द्रव्य : ठाकरशींचे पंधरा लक्ष, शेतकऱ्याची मूठ. तिसरे माणसे : फर्ग्युसनचे आजीव सदस्य, हिंगण्याचा मठ. आणि चौथे धीर. पहिली तीन साहाय्ये मोजता येतात. चौथे मोजता येत नाही, पण त्यावाचून पहिली तीन वाया जातात. अमरेलीस तेरा वर्षे लागली, महिला विद्यापीठास मान्यतेसाठी पस्तीस, अंगणवाडीस देशभर जाण्यास तीस. पहिल्या वर्षीचा निकाल पाहून हात आखडता घेणारा दाता अशा कार्यास उपयोगी पडत नाही.

तसेच प्रत्येक नवी शाळा चांगलीच असते, असेही समजू नये. संस्थापक पै-पैचा हिशेब देतो काय, स्वतः त्या शाळेत राबतो काय, चूक दिसल्यास पद्धत बदलतो काय, आणि ज्यांना कोणी शिकवीत नाही त्यांच्यापर्यंत जातो काय, या चार कसोट्या लावून पाहाव्या. कर्वे, भाऊराव, गिजुभाई, ताराबाई या चौघांचा मार्ग भिन्न होता. पण या कसोट्यांस चौघेही उतरतात.

मठाचे द्रव्य देवाचे आहे, ते देवाच्याच सेवेस लागावे, नव्या प्रयोगांत ते का घालावे, अशी शंका काही भाविकांच्या मनात येते. ती प्रामाणिक आहे व तिचा अनादर करण्याचे कारण नाही. अन्नछत्रातील ताट त्याच दिवशी भूक भागविते. शाळेचे तसे नाही. परंतु ज्या देशात एका गणिताच्या प्राध्यापकास आपल्या शिक्षकांसाठी मठाहून योग्य नाव सापडले नाही, आणि जेथे नर्मदातीरीचे स्थान व बिलख्याचा आश्रम यांच्या छायेत नव्या शाळा जन्मल्या, तेथे मठ व नवी शाळा ही परस्परांस परकी कशी म्हणावी? वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, पुढे केवलानंद सरस्वती, यांनी जुन्या शास्त्रांचे अध्यापन नव्या दृष्टीने केले व विनोबांसारखा विद्यार्थी १९१७ साली तेथे येऊन राहिला. जुन्या विद्येच्या पाठशाळेनेही नवेपणास भिऊ नये, याचे ते उदाहरण आहे.

आपल्यापैकी प्रत्येकास पंधरा लक्ष देता येणार नाहीत, वाडाही देता येणार नाही. पण आपल्या गावी, मग ते बेळगाव असो, वडोदरे असो, इंदूर असो वा गोव्यातील एखादे खेडे असो, कोणी तळमळीचा तरुण किंवा एखादी भगिनी दोन खोल्यांत निराळ्या रीतीची शाळा चालवीत असेल, तर तेथे एकदा जाऊन बसावे, मुलांचे बोलणे ऐकावे, हिशेबाची वही पाहावी आणि जमेल तेवढी वर्गणी एका वर्षाची न देता दहा वर्षांसाठी लावून द्यावी. पूर्वी आपल्या आज्या एका विद्यार्थ्यास आठवड्याचा एक वार देत असत. तो वार आज नव्या शाळेस द्यावयाचा आहे. श्रीगुरूंच्या चरणी एवढीच प्रार्थना की, देणाऱ्यांस तो धीर व घेणाऱ्यांस ती निष्काम बुद्धी प्राप्त होवो.